शिवेपलीकडच्या गोगलगायी

कृषी सहायक म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते लोकांना सांगत, "जावई शेतकी खात्यात आहेत," आणि कोणी पुढे काही विचारायच्या आत चहा मागवत. त्यांची काही चूक नव्हती. ज्याच्याकडे चार-पाच गावं, एक मोटरसायकल आणि खिशात तीन पेनं असतात, जो दिवसभर दुसऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून सल्ला देतो आणि संध्याकाळी त्या सल्ल्याचा अहवाल लिहितो, तो कृषी सहायक. पाऊस नाही आला तर लोक आमच्याकडे बघतात. जास्त आला तरी आमच्याकडेच बघतात. बेताचा आला तर आमची कोणाला आठवणही होत नाही, आणि ते दिवस नोकरीतले सगळ्यात सुखाचे.

माझी बरीचशी नोकरी विदर्भातल्या आष्टी तालुक्यात गेली. आता बोरगाव मेघेत घर बांधून राहिलो आहे. नोकरीत काय कमावलं असं कोणी विचारलं तर मी सांगतो, एक नाव कमावलं. आष्टीच्या आठवडी बाजारात आजही मला हाक येते ती "गोगलगाय सायेब" अशी. माझ्या चालण्यावरून हे नाव पडलं असं आमच्या घरचं मत आहे. पण खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती मी आजवर कोणाला पूर्ण सांगितलेली नाही, कारण तिच्यात मी फारसा शोभून दिसत नाही.

माझ्याकडच्या गावांत एकाच नाल्यावर वसलेली दोन गावं होती. त्यांची नावं सांगत नाही, कारण दोन्हीकडून मला अजून जेवणाची बोलावणी येतात. आपण त्यांना वरचं गाव आणि खालचं गाव म्हणू. वरच्या गावात संत्र्याच्या बागा, खालच्या गावात भाजीपाला. दोन्ही गावांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. काऊन पटत नाही, असं विचारलं की दोन्हीकडे एकच उत्तर मिळायचं, "ते लोकंच तसे हायेत."

वरच्या गावात गुणवंतराव नावाचे बागाईतदार होते. बोलणं भारदस्त, मिशा त्याहून भारदस्त. त्यांनी कुठल्याशा रोपवाटिकेतून संत्र्याची कलमं आणली. कलमाच्या मुळाशी मातीचा गोळा बांधलेला असतो आणि त्या गोळ्यात काय काय असतं ते कोणी फोडून बघत नाही. दोन पावसाळ्यांनी गुणवंतरावांनी मला बागेत बोलावलं आणि झाडाच्या खोडाकडे बोट दाखवलं. मुठीएवढ्या, तपकिरी पट्ट्यांच्या शंखी गोगलगायी खोडावर एकीला एक लागून बसल्या होत्या. खोड दिसतच नव्हतं.

"सायेब, हे काय होय?"

"शंखी गोगलगाय. मूळची आफ्रिकेतली."

गुणवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "आफ्रिकेतून इथपर्यंत हे असंच चालत आली म्हणता?"

चालत नाही, आपणच उचलून आणतो, हे मी त्यांना समजावलं. आपल्या धुऱ्यावर जी बारीक गोगलगाय असते ती गरीब, कुजका पाला खाऊन गप राहते. ही परदेशी मात्र जे हिरवं दिसेल ते खाते. तिच्यात नर-मादी वेगळे नसतात, त्यामुळे लग्न जुळवायची अडचण नाही; कोणत्याही दोघी भेटल्या की दोघीही अंडी घालतात, तीही शेकड्यांनी. उन्हाळ्यात शंखाचं तोंड बंद करून मातीत झोपते आणि पाऊस पडला की भूक घेऊन उठते. शंख मजबूत राहावा म्हणून तिला चुना लागतो, म्हणून ती घराच्या चुन्याच्या भिंतीसुद्धा चाटते. एवढं ऐकल्यावर गुणवंतराव म्हणाले, "सायेब, हे तर आमच्या व्याह्यासारखं झालं."

उपाय सोपा होता, फक्त कष्टाचा होता. सकाळी ऊन चढायच्या आत हाताने वेचायच्या, मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात बुडवायच्या आणि खड्ड्यात चुना टाकून पुरायच्या. मी गावात सभा घेतली. सभेला लोक आले, कारण पोळा तोंडावर होता आणि हाताला काम नव्हतं. वेचायला सगळे तयार झाले. पण मिठाच्या पाण्याचं नाव काढताच कुजबुज सुरू झाली. सणासुदीच्या दिवसांत जीव कोणी मारायचा? त्यातून अंगावर शंख घेऊन फिरणारा जीव. एका म्हाताऱ्याने तर त्यातली एक स्वच्छ धुऊन देवघरात ठेवली होती. ती सकाळपर्यंत तुळशीची पानं खाऊन समईवर चढली होती.

तोडगा गुणवंतरावांनी काढला. "मारबत हाये नं."

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे मारबत निघते. पोळ्याला दारोदार लावलेल्या पळसाच्या फांद्या गोळा करायच्या, त्यांचं एक बाहुलं बांधायचं, आणि गावातली रोगराई, खोकला, माश्या, डास, ढेकूण अशा सगळ्यांची नावं घेऊन "घेऊन जाय गे मारबत!" असं ओरडत ते शिवेवर नेऊन टाकायचं. टाकलं की मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर पीडा परत मागे लागते.

आता माझं ऐका. प्रशिक्षणात मला स्वच्छ शिकवलं होतं की ही गोगलगाय जिवंत कुठेही टाकायची नाही. माझ्या पिशवीत तसं लिहिलेली घडीपत्रिकाही होती. पण समोर अख्खं गाव वेचायला उभं होतं. इतका लोकसहभाग मी नोकरीत कधी बघितला नव्हता. एरवी सभेला पाच माणसं यायची आणि त्यातली दोन सावलीसाठी. मी मनात म्हटलं, शिवेवर टाकल्या तर निदान गावातून तरी जातील. आणि खरं सांगायचं तर फोटो फार चांगला येणार होता.

तसा तो आलाही. पुढे पळसाचं बाहुलं, मागे बायामाणसं, डोक्यावर टोपली, खांद्यावर पोती, बैलबंडीत पोती, आणि सगळ्यांच्या पुढे गळ्यात गमछा घातलेला मी. "गोगलगाय घेऊन जाय गे मारबत!" असं मीही ओरडलो. शिवेच्या उतारावर पोती रिकामी झाली. सगळे वळले आणि गप्पा मारत परत निघाले. रीत म्हणून मीही मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर उताराच्या पायथ्याशी, नाल्याच्या पलीकडे, कांताबाईचे कोबीचे वाफे दिसले असते.

"लोकसहभागातून शंखी गोगलगाय निर्मूलन" असा माझा अहवाल तालुक्याला गेला. साहेबांनी पाठ थोपटली, एक प्रमाणपत्र मिळालं. गुणवंतरावांनी गावाच्या तोंडाशी असलेली एक भिंत चुन्याने रंगवून वर गेरूने लिहून घेतलं, "गोगलगाय मुक्त गाव." गोगलगायींना चुना आवडतो हे मीच सांगितलेलं, पण त्या वेळी ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पंधरा दिवसांनी मी आष्टीच्या कार्यालयात बसलो असताना एक बाई आत आली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, डोक्यावर झाकलेलं टोपलं. बाजाराचा दिवस होता, मला वाटलं भाजी असेल. तिने टोपलं माझ्या टेबलावर ठेवलं, वरचं फडकं काढलं आणि म्हणाली, "हे घ्या जी तुमचे जनावरं."

टोपलं गोगलगायींनी काठोकाठ भरलेलं होतं.

"माझे कसे?"

"तुमचे नाई तर कोनाचे? फोटोत तुमीच तर होते पुढं. मोबाइलवर साऱ्या तालुक्यानं पाह्यलं."

ही कांताबाई. नवरा गेल्यावर खालच्या गावात दीड एकर वावर तिने एकटीने सांभाळलं होतं. कोबी, पालक, मेथी, सांभार. सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. सारं आष्टीच्या बाजारात स्वतः बसून विकायची. तिच्या कोबीची आतली पानं पांढरी आणि कुरकुरीत असत, गिऱ्हाइकं तिच्यासाठी थांबून राहायची. त्या आठवड्यात पहिल्यांदाच तिची बाजारातली जागा रिकामी होती.

"सायेब, रोपं लावली का सकाळी नुसते दांडे राह्यते. हा हंगाम गेला तर गेला. पण येत्या पावसाळ्यात असंच झालं तर वावर ठेक्यानं देऊन मले दुसऱ्याच्या वावरात तण निंदाले जा लागन. मी कोनाच्या वावरात गेलती का आजपर्यंत?"

मी तिला बसा म्हटलं, ती बसली नाही. मी पाणी मागवलं, तिने घेतलं नाही. गेली ती टोपलं तिथेच ठेवून. मी तिच्यामागे दारापर्यंत गेलो आणि तिथून साहेबांनी मला आत बोलावून घेतलं. अर्ध्या तासाने येऊन बघतो तर टोपल्यातली मंडळी टेबलभर पसरली होती. एक टेलिफोनवर, दोन शिक्क्याच्या डबीवर, आणि सगळ्यात मोठी माझ्या निर्मूलनाच्या अहवालावर बसून त्याचा कोपरा शांतपणे खात होती. कागद खातात त्या. हे मात्र प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कांताबाईच्या वावरात गेलो तो विषारी गोळ्यांची पिशवी घेऊन. या गोळ्या वाफ्याभोवती टाकतात, गोगलगाय त्या खाते आणि मरते. मला झटपट काहीतरी करून दाखवायचं होतं. कांताबाईने पिशवीकडे बघितलं आणि मग धुऱ्यावरच्या बोरीच्या झुडपाकडे.

"तिकडं भारद्वाजाचं जोडपं राह्यते. तो खाते गोगलगायी. सकाळपासून तेच करून राह्यला बिचारा. त्याले काई व्हनार नाई नं?"

भारद्वाज तुम्ही बघितला असेल. काळा, विटकरी पंखांचा, लाल डोळ्यांचा, जमिनीवरून पाटलासारखा चालणारा पक्षी. तो दिसला की दिवस चांगला जातो असं आमच्याकडे मानतात. गोगलगायी खाणारे आपल्याकडे जे मोजके आहेत त्यातला हा एक. म्हणजे त्या वावरात माझ्या आधीपासून एक कृषी सहायक कामाला होता, आणि तो अहवाल लिहीत नव्हता.

"काही होत नाही," मी म्हणालो.

गोळ्यांनी काम केलं. तीन दिवसांत वाफ्यांभोवती शंखांचा खच पडला. त्यात मोठ्यांबरोबर आपल्या धुऱ्यावरच्या गरीब बारीक गोगलगायीही होत्या, ज्यांनी कोणाचं काही खाल्लं नव्हतं. चौथ्या दिवशी कांताबाईने मला बोरीच्या झुडपाखाली नेलं. भारद्वाज पडला होता. विटकरी पंख पसरलेले, लाल डोळा उघडा. गोळीनेच मेला असं मी शपथेवर सांगू शकणार नाही, पण दुसरं काही कारण मला तेव्हाही सुचलं नव्हतं आणि आजही सुचत नाही. झुडपात दुसरा एकटाच कूप-कूप करत होता. तिने दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज अजून पूर्ण गेलेली नाही.

तिकडे खालच्या गावाने आपला न्याय आपणच केला होता. एका सकाळी ट्रॅक्टर भरून गोगलगायी वरच्या गावाच्या शिवेत ओतून आले. वरच्या गावाने त्या परत आणून टाकल्या. मग पुन्हा यांनी. हिवाळा लागून गोगलगायी मातीत झोपेपर्यंत हे चाललं. दोन्ही गावांना वाटायचं की आपण जिंकतो आहोत. शीव मध्ये, शिवेला लागून कांताबाईचं वावर, त्यामुळे कोणीही कोणाकडेही टाकल्या तरी वाटेतल्या तिच्याच वाट्याला यायच्या. दोन्ही गावं माझ्याकडे, त्यामुळे तक्रारीही दोन्ही माझ्याकडे. एका तक्रारीवर मीच दुसऱ्या तक्रारीचा हवाला देऊन उत्तर लिहीत होतो.

पुढचा पावसाळा आला. पहिल्या जोरदार सरींनंतर वरच्या गावाच्या तोंडाशी गेलो तर त्या भिंतीवर गोगलगायी चुना चाटत होत्या. ओल होती ती नेमकी मधल्या भागात. तेवढा चुना गेरूसकट साफ झाला होता आणि "मुक्त" नाहीसं झालं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या अक्षरांत दिसायचं, "गोगलगाय गाव." गुणवंतराव त्या भिंतीकडे पाठ करून उभे होते.

मी त्या दिवशी ठरवलं की आता सल्ला पुरे, थोडी लबाडी करायची. सल्ल्याने आमच्याकडे कोणी हलत नाही.

वरच्या गावात पारावर बसून मी सहज बोललो, "खालचे लोक सांगतात, तुमच्याकडच्या गोगलगायी फार बारक्या. त्यांच्याकडच्या वजनदार आहेत म्हणे."

"कोन म्हनते?" गुणवंतराव उठून उभेच राहिले. "आमच्या बागेतली एक पाहा. तुमचा तळहात पुरनार नाई!"

"मला माहीत आहे. पण ते म्हणतात, दाखवा."

खालच्या गावात जाऊन हेच उलटं सांगितलं. तिथेही मंडळी तशीच उठून उभी राहिली. मग मी दोन्हीकडे एकच अट घातली: पोळ्यापर्यंत रोज सकाळी वेचायच्या, गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं रात्रभर धुऱ्यावर अंथरून ठेवायची म्हणजे त्याखाली जमतात, आणि मारबतीच्या दिवशी सगळ्या शिवेवर आणायच्या. मोजणी सर्वांसमोर. मधल्या काळात कोणी कोणाकडे एकही टाकायची नाही, कारण टाकली तर आपलाच आकडा कमी होणार.

ही अट लागू झाली. महिनाभर दोन्ही गावं ऊन चढायच्या आत वावरात वाकलेली असायची. एकमेकांच्या शिवेत टाकणं तर सोडाच, आमची एक तिकडे गेली, परत द्या, अशी भांडणं माझ्याकडे येऊ लागली. कांताबाईच्या वाफ्यांभोवती मी स्वतः कोरड्या चुन्याच्या भुकटीचे पट्टे ओढले (भिंतीवरचा चुना त्या चाटतात, पण ही भुकटी त्यांचं अंग पोळते), पाऊस आला की परत ओढले. गोळी मात्र एकही टाकली नाही.

मोजणीनंतर त्या पुरायच्या कुठे, हा प्रश्न राहिला होता. दोन्ही गावांनी हात वर केले. आमच्या जमिनीत नको, त्यांच्या जमिनीत चालेल. मी कांताबाईकडे गेलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माह्या वावराच्या कोपऱ्यात खोदा. पन एक सांगते. पहिलं टोपलं तुमी टाकाल. आनि काऊन टाकून राह्यले, ते साऱ्यांपुढं सांगाल."

मारबतीच्या सकाळी वरून एक बाहुलं आलं, खालून एक आलं. दोन्ही गावं पहिल्यांदाच एका शिवेवर, पण नाल्याच्या दोन काठांवर. कांताबाईच्या वावराच्या कोपऱ्यात, नाल्याला लागून खड्डा, शेजारी मिठाच्या पाण्याचे ड्रम आणि चुन्याची पोती. तालुक्याचे साहेबही फोटोसाठी आले होते. मी पहिलं टोपलं उचललं.

"गेल्या वर्षी या जिवंत इथे टाकल्या," मी म्हणालो. "टाकायच्या नसतात हे मला माहीत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, मला होतं. फोटो चांगला येणार होता म्हणून मी बोललो नाही. आणि भारद्वाज मेला तो मी दिलेल्या गोळ्यांमुळे मेला असावा. कांताबाईंनी मला विचारलं होतं. मी काही होत नाही म्हणालो होतो."

साहेबांनी मोबाइल खाली घेतला. मग मी टोपलं ड्रमात उलटं केलं आणि सवयीने ओरडलो, "गोगलगाय घेऊन जाय गे मारबत!"

"मारबत नाई, सायेब," कांताबाई खड्ड्यापलीकडून म्हणाली. "हे तुमालेच न्या लागते."

आधी खालचं गाव हसलं, मग वरचं हसलं, आणि हसण्यात दोन्ही गावं एक झाली. त्यानंतर टोपल्यांची रांग लागली. सणाच्या दिवशी जीव मारायचा की नाही हा प्रश्न त्या दिवशी कोणी काढला नाही. चुना सर्वांत आधी गुणवंतरावांनी टाकला. मोजणीत कोण जिंकलं ते मी जाहीर केलं नाही. दोघांनाही वेगवेगळं गाठून सांगितलं, तुम्हीच. हे वाचून दोन्हीकडून आता फोन येतील.

शंखी गोगलगाय त्या गावांतून गेली का? नाही. एकदा आलेला असा पाहुणा जात नसतो. दर पावसाळ्यात वेचावी लागते, आणि ते वेचतात. पण त्या दिवाळीला कांताबाईची बाजारातली जागा भरलेली होती. वाफे वाचले. बोरीच्या झुडपातून पुढे कधीतरी पुन्हा दोन आवाज येऊ लागले, पण माझ्या डोळ्यांपुढे तो पसरलेल्या पंखांचा भारद्वाजच राहिला आहे.

माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाला कांताबाई आली होती. सगळ्यांनी शाल-नारळ दिले. तिने पदरातून एक रिकामा, स्वच्छ धुतलेला शंख काढून माझ्या हातावर ठेवला. "एक ठेवली होती, जी. तुमचीच हाये."

तो शंख आता आमच्या काचेच्या कपाटात त्या प्रमाणपत्राच्या शेजारी आहे. कपाट आवरताना घरची मंडळी दर वेळी विचारतात, यातलं एक काढून टाकू का? मी दर वेळी प्रमाणपत्राकडे बोट दाखवतो, पण ते अजून कोणी काढलेलं नाही.

यंदाच्या पावसाळ्यात मोगऱ्याची एक कुंडी विकत आणली. मातीचा गोळा फोडून बघितला नाही. लोकांना आयुष्यभर सांगितलं, स्वतः केलं नाही. परवा सकाळी कुंडीखाली ती दिसली. तपकिरी पट्ट्यांची, मुठीएवढी, निवांत. माझा हात मेंदूला न विचारता कामाला लागला. उचलली आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडे भिरकावली. रीतीप्रमाणे मागे न बघता वळलोही. दोन पावलं गेलो आणि थांबलो.

गुडघ्यांचं दुखणं विसरून मी स्टूल लावलं, भिंतीवर पोट टेकवलं आणि पलीकडे बघू लागलो. शेजारचे निवृत्त मास्तर त्यांच्या मेथीच्या वाफ्यात उभे होते. त्यांनी चष्मा वर केला.

"काऊन साहेब, काय शोधून राह्यले?"

"मास्तर, जरा मेथी बघून चाला," मी म्हणालो. "तुमच्याकडे एक गोगलगाय आली आहे. ती माझी आहे."